बाबांना आज तू खायला घाल

वेंडेल,

आपल्या बाबांचा नाश्ता फ्रिजमध्ये मोठ्या काचेच्या भांड्यात आहे. शिळ्या पावाचे तुकडे रात्रभर दूध-अंड्यात भिजवलेत, वर ब्लूबेरी पसरल्यात. ओव्हन साडेतीनशे फॅरनहाइटवर तापव, भांडं फॉइलने झाकून अर्धा तास ठेव, मग फॉइल काढून वरचा पाव कुरकुरीत होऊ दे. मेपल सिरप वाढताना घाल, आधी नको.

आई कुठे गेली, असं ते विचारतील. "बेरी तोडायला गेलीय," एवढंच म्हण. ती वारली असं सांगितलंस, तर पुन्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडतील.

काल तुला दंतवैद्याकडे जायचंय असं सांगितलं, ते खोटं होतं. पोर्टलंडच्या एका शाळेने मला नोकरी देऊ केलीय. आज दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवायचंय. चार वर्षं झाली, मी गाडीची किल्ली उचलली की बाबा म्हणतात, "कोरीन, मग मला खायला कोण घालणार?" आणि खरंच, दुसऱ्या कुणाच्या हातचं ते खात नाहीत. दोन नर्स हात टेकून गेल्या. मी बंदरावर गाडीत बसून तुझ्या फोनची वाट बघत असेन.

त्यांनी तुझ्या हातचं खाल्लं, तर लगेच सांग. नाही खाल्लं, तरी खाल्लं असंच सांग.

कोरीन