कुंकवाखालची पट्टी

बा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावलो तर लोक मलाच हसतील. तरी रागावतो. आईला सगळं कधी सांगितलं नाही, बायकोला अर्धंमुर्धं सांगितलं. आज कागद घेऊन तुमच्याशीच बोलायला बसलोय, कारण मध्येच माझं बोलणं तोडायला तुम्ही नाही.

चांद्याचं आपलं वर्कशॉप म्हणजे चार बल्ल्या आणि वर टिनाचे पत्रे. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराचे ट्रक लिलावात निघाले, जंगलाच्या ठेकेदारांनी ते घेऊन आलापल्लीकडचं सागवान ओढायला लावले, आणि मोडले की ते आपल्या दारात येऊन उभे राहायचे. आपल्या नेहमीच्या ठेकेदाराच्या ट्रकचा गेरबॉक्स फुटला, तेव्हा तसला दुसरा नागपुरातही मिळेना. घुग्घुसच्या खाणीमागे एक ट्रक सडत पडला होता, पण तो वेगळ्या कंपनीचा. तुम्ही त्याच्याखाली शिरलात, बाहेर आलात, पाठीची माती झटकलीत आणि म्हणालात, "बसवू याचाच. न बसून जाते कुठी?" बैलगाडीत घालून आपण तो गेरबॉक्स चांद्याला आणला.

ते दिवस चांगले होते, हेही मला नाइलाजाने लिहावं लागतंय. काही म्हणजे काही जुळत नव्हतं. नव्या शाफ्टचे दाते जुन्या क्लचप्लेटमध्ये जात नव्हते, म्हणून आपण दोन प्लेटा फोडून एकीचा मधला भाग दुसरीत रिबिटांनी बसवला. इंजिनाची भोकं आणि गेरबॉक्सची भोकं एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हती, तेव्हा लोहाराकडून मध्ये बसेल अशी जाड चकती करून घेतली. तुम्ही ट्रकखाली उताणे, मी शेजारी उताणा, छातीवर तो लोखंडाचा धोंडा पेललेला, आणि शाफ्ट एकदाचा सरकन आत जातो. तुम्ही हसता. "जमलं ना मिस्त्री," म्हणता. मला मिस्त्री म्हणालात ते तेवढ्या एकदाच. माझं लग्न झालं होतं, पोरगी झाली होती, तरी त्या शब्दाने मी दिवसभर हवेत होतो.

मग गाडी चालवून पाहिली तेव्हा मला दिसलं की गेरांच्या जागा बदलल्या आहेत. आधी दांडा डावीकडे घेऊन वर सारला की पहिला गेर पडायचा. आता तिथेच रिव्हर्स पडत होता. ट्रकमध्ये समोरच एक पत्र्याची पट्टी होती, तिच्यावर कुठला गेर कुठे ते कोरलेलं होतं, आणि ते सगळं जुन्या गेरबॉक्सचं. दर दसऱ्याला ट्रकची पूजा व्हायची तेव्हा हळदकुंकू त्या पट्टीलाच लावायचे. वर्षावर्षाचा थर बसला होता. मी पेचकस घेऊन ती काढायला गेलो.

"ठेव ते," तुम्ही ओरडलात. "दसऱ्याचं कुंकू हाये त्याच्यावर. उखडतं का ते कोनी?"

"पन बा, हे पाहून एखादा उलटा गेर टाकन ना."

"डायवरले मी सांगतो. मले शिकवू नको."

निदान वरून कागद तरी चिकटवू, असं मी म्हणालो, तर तुम्ही माझ्या हातावर फटका मारलात. पट्टी तशीच राहिली. ड्रायव्हरला तुम्ही सांगितलंत हे खरं. त्याचा हात वळलाही, काही खेपा नीट झाल्या. पण पावसाळा सरता सरता त्याला हिवतापाने धरलं आणि ठेकेदाराने जंगलातच उभ्या ट्रकवर दुसरा माणूस बसवला. त्याला गेरांचं कोणी सांगितलं नाही.

नाल्याच्या चढावर लाकडांनी भरलेला ट्रक उभा होता. मागच्या चाकाला धोंडा लावलेला, आणि गाडी पुढे निघाली की तो काढून घ्यायला एक गोंड मजूर वाकून बसलेला. नव्या ड्रायव्हरने अंगठ्याने कुंकू पुसलं, पट्टी वाचली आणि तिने सांगितलं तिथे गेर टाकला. ट्रक मागे आला. त्या माणसाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ठेकेदार वर्कशॉपमध्ये आला तेव्हा तिथे निम्मी गल्ली गोळा झाली होती. "पट्टी काऊन नाई बदलली?" एवढंच त्याने विचारलं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही. जुटाच्या चिंधीला हात पुसत म्हणालात, "पोराचं काम होतं ते. मी त्याले सांगतलो होतो. त्याचं ध्यान नाई कामात." मी गप्प राहिलो. चारचौघांत बापाला खोटं पाडायची आपल्यात रीत नव्हती, आणि हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. त्याच भरवशावर तुम्ही बोललात, बा. चूक माणसाकडून होते, त्याबद्दल मी तुम्हाला केव्हाच माफ केलं असतं. पण माझ्या गप्प बसण्याचा हिशेब करून तुम्ही बोललात, ते माझ्या काळजातून जात नाही.

त्यानंतर चांद्यात मला कोणी गाडीला हात लावू देईना. मी बायकापोरीला घेऊन वडशाला गेलो, धानाच्या गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करू लागलो. एकदा आई आली, तुमचे चांगले पाने फडक्यात बांधून घेऊन. "तुहा बाप हाये तो, राग सोड," म्हणाली. मी म्हटलं, "पाने नको मले. त्यायले म्हना, ठेकेदाराले खरं काय ते सांगा." आई पाने ठेवून गेली. तुम्ही शेवटपर्यंत कोणाला काही सांगितलं नाही, आणि मी समजत होतो की विषय तिथेच संपला.

तुमच्या तेरवीनंतर मी त्या मजुराच्या गावी गेलो. मनाशी ठरवूनच गेलो होतो की निदान त्याला तरी खरं सांगायचं. तो ओट्यावर बसून टोपली विणत होता, कुबडी भिंतीला टेकवलेली. मी कोणाचा कोण ते सांगताच त्याचे डोळे भरले. "बाबू, तुमचा बाप मोठा मानूस होता," तो म्हणाला. "दरसाल धान घेऊन ये माह्या घरी. हात जोडून म्हने, पोरगं नवं होतं, त्याले माफी दे. म्या तं तुमाले कवाच माफी देली."

म्हणजे तिथेही, बा. तिथेही तुम्ही माझ्याच नावाने हात जोडलेत. वर्षानुवर्षं पाठीवर धान वाहून नेलंत, पण 'माझं चुकलं' हे दोन शब्द काही तुम्हाला उचलले नाहीत. तो माणूस हसत माझ्याकडे पाहत होता. त्याच्या मनात तुम्ही देव होऊन बसला होतात, आणि मी एका वाक्यात तुम्हाला खाली उतरवू शकत होतो. मी त्याला म्हणालो, "हो भाऊ, तवा मी नवाच होतो."

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचा तेही माहीत नाही, तेव्हा घडी करून ठेवून देईन. पण बायकोलाही न सांगितलेली एक गोष्ट आहे. त्या दिवशी परतताना जंगलाच्या वाटेवर मी सायकल आडवी टाकली आणि तुमच्यासाठी रडलो. तेरवीला रडलो नव्हतो.