रुंद, अरुंद आणि मोठ्या बाई

ता. ९ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. बालवर्गात मुलं बावीस आणि मला हात दोनच. पण नोकरी आवडते आहे, अगदी मनापासून. माझे परीक्षेचे तीन महिने या महिनाअखेर संपतात. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, शुक्रवारी माझा धडा बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर मी कायम, नाही तर घरी बसून बाबांची बोलणी ऐकायची.

धडा आहे रुंद आणि अरुंद. चार-पाच वर्षांच्या मुलांना जड जाईल असं वाटलं होतं, पण आमची पोरं भलतीच हुशार निघाली. मी दोन हातांत दोन वस्तू धरते, टॉवेल आणि फीत, नाही तर फळी आणि पट्टी, आणि रुंद कोणतं ते विचारते. बावीसच्या बावीस बोटं बरोबर वस्तूकडे जातात. त्यामुळे शुक्रवारची मला तिळमात्र काळजी नाही. तू आपली शिवणाच्या मशीनवर बसून गिऱ्हाइकांच्या कुरबुरी ऐक, इकडे तुझी भाची शाळा जिंकते आहे.

दुकानातल्या मुलींना माझी आठवण सांग. तुझ्या लोभावर माझा हक्क आहे, तो कुणाला देऊ नकोस.

तुझीच,
भिंगरी


ता. १३ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

मागचं पत्र फाडून टाक. काल माझी पुरती फजिती झाली.

माझा धडा नेहमीसारखा झोकात झाला. मग मोठ्या बाई उठल्या, टॉवेल आणि फीत स्वतःच्या हातात घेतली आणि तोच प्रश्न विचारला. बावीसच्या बावीस मुलांनी फितीकडे बोट दाखवलं. त्यांनी फळी-पट्टी घेतली, तर सगळ्यांनी पट्टी दाखवली. एक-दोन चुकली असती तर समजलं असतं, पण ही एकजात चुकली, तीही हसतमुखाने. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मोठ्या बाई ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. एकतीस तारखेला पुन्हा येईन, तेव्हा जमलं नाही तर दुसऱ्या उमेदवाराला बोलवावं लागेल, एवढंच म्हणाल्या. आत्या, मला ही मुलं सोडायची नाहीत. काय चुकलं तेच कळत नाही. तू चाळीस वर्षं कापड बेततेस, तुला काही सुचलं तर लगेच लिही.

रडकुंडीला आलेली,
भिंगरी


ता. १७ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आधी डोळे पूस. नाक तर नक्कीच पूस, लहानपणापासून तुझं तेच आधी वाहतं.

मला एक सांग, तुमच्या मोठ्या बाई डावखुऱ्या आहेत का? तुझं पत्र वाचून मी उठले आणि समोर ठेवलेल्या दोन कात्र्या उचलल्या. मोठी आपोआप उजव्या हातात आली. तूही दर वेळी रुंद वस्तू उजव्या हातातच धरली असणार. पोरांनी रुंदी नाही गं, तुझा उजवा हात पाठ केला. चूक त्यांची नाही, तू शिकवलंस ते ती चोख शिकली.

आता माझं ऐक. कापडाची लांबी गिऱ्हाईक सांगेल तेवढी फाडून देता येते, पण पन्हा, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतची रुंदी, तागा विणतानाच ठरलेली असते. मला स्वतःला हे कळायला एक अख्खा झगा वाया घालवावा लागला. लांबच लांब कापड बघून हुरळले आणि पाठ झाकायला कापडच पुरलं नाही.

म्हणून गाठोडं पाठवते आहे. त्यात ताग्यांच्या शेवटचे तुकडे आहेत, दोन्ही काठ शाबूत असलेले, आणि खोलीभर लांब फितीही आहेत. पहिले दोन दिवस रुंद हा शब्दच काढू नकोस. बाहुल्या निजव आणि मुलांना पांघरूण घालू दे. फीत डोक्यापासून पायापर्यंत पुरेल, पण बाहुली कुडकुडेल. मग तुकड्यावर तुकडा ठेवून एक कड जुळवायला शिकव आणि दुसऱ्या कडेला काय उरतं ते बघू दे. तुझे हात मात्र बांधून ठेव, काही धरून दाखवू नकोस.

जेवत जा. माझी माया पत्रात मावत नाही, गाठोड्यात कोंबली आहे.

तुझी,
आत्या


ता. ३१ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

मोठ्या बाई डावखुऱ्याच आहेत! तुझं पत्र वाचून मी वर्गात एकटीच हसत बसले होते.

गेले दहा दिवस आमच्याकडे एकही बाहुली उघडी झोपलेली नाही. पोरं दिसेल त्याची कड जुळवतात, वह्यांची, चपलांची, एकमेकांच्या तळहातांचीही. आज मोठ्या बाईंनी कापडं हातात घेतली, हात बदलले, एक तुकडा तर आडवा धरला. कुणीही बोट दाखवलं नाही. एक मुलगी, जिला मी न्यायाधीश म्हणते, पुढे गेली आणि हातात धरून काही कळत नाही, जमिनीवर ठेवा, असं तिने मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी मुकाट्याने ठेवली. सगळी उत्तरं बरोबर आली.

तिथे थांबली असती तर ती न्यायाधीश कसली! तिने मोठ्या बाईंना नि मला नीट न्याहाळलं. मग आम्हाला आळीपाळीने भिंतीशी उभं केलं, दोघींचा एक खांदा खिडकीच्या चौकटीला टेकवला आणि स्टुलावर चढून दुसऱ्या खांद्याशी खडूची रेघ ओढली. मोठ्या बाईंची रेघ माझ्यापुढे चांगली चार बोटं गेली. तिने निकाल खणखणीत आवाजात सांगितला. झालं, गेली नोकरी, असंच वाटलं.

मोठ्या बाईंनी चष्मा लावून दोन्ही रेघा तपासल्या. मग वही उघडली आणि डाव्या हाताने शेरा लिहिला. तो जसाच्या तसा उतरवते: ‘मी बालवर्गाच्या बाईंपेक्षा चार बोटं रुंद आहे, हे वर्गाने माझ्यासमोर सिद्ध केलं. मला खोड काढता आली नाही. बाईंना कायम करावं.’

आत्या, मी कायम झाले. आता तरी सुट्टी काढून ये, आणि तोवर लोभात काटछाट करू नकोस.

तुझीच,
भिंगरी


ता. ४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र दुकानात मोठ्याने वाचलं. मुली हसल्या, मी मात्र मशीनवर डोकं ठेवून रडले. आनंदाने गं, काळजी करू नकोस.

चाळीस वर्षं मी बायकांची मापं घेते आहे. जी ती पोट आत घेते, श्वास रोखते आणि आकडा हळू सांग म्हणते. मीही तो कागदावर लिहून कागद उपडा ठेवते. स्वतःची रुंदी स्वतःच्या हाताने शाळेच्या वहीत लिहिणारी बाई मला आजवर भेटली नाही. तिच्या हाताखाली शिकायला मिळतंय, तिला जप.

तुझी,
आत्या