तेल नेमकं चांगलंच निघालं

मंगळवार, संध्याकाळ

काकांच्या नमकीनच्या दुकानातलं जळकं तेल आज माझ्या हातून डिझेल झालं. बाटलीत खाली काळं ग्लिसरीन, वर पिवळंधमक इंधन. इतकं साफ का निघालं? तेलातलं पाणी आटवलं नसतं तर कॉस्टिक सोडा घालताच सगळ्याचा साबण झाला असता. मग काकांनी हा नाद सोडून मला इंदूरच्या नोकरीला जाऊ दिलं असतं. सकाळी पाणी तसंच राहू द्यायचं ठरवलं होतं. पण पाणी उडून तेल तडतडायचं थांबेपर्यंत मी भट्टीजवळून हललोच नाही. काकांनी ती बाटली उजेडात धरून साऱ्या बाजाराला दाखवली.

"बेटा, आता इंदूरला काय पोहे खायला जातो? हे काम दुसऱ्या कोणाच्या बसचं नाही, तुलाच जमतं."

मी हसलो. का हसलो? उद्या डिझेल करायला करंजाच्या बियांचं तेल येणार आहे. तेही माझ्याकडून बिघडणार नाही.