पऱ्हाटीच्या फळ्या आणि उद्घाटनाचे रोडगे

अमरावती,
एप्रिलमधला एक रविवार, ऊन मी म्हणत असताना

आदरणीय शेषरावदादा यांना धाकट्या सुगतचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा, सुंदरावहिनींची साखर आणि गोठ्यातली म्हैस ही तिन्ही प्रकरणं आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे मी आणि भावना ठीक आहोत. ठीक म्हणजे कूलरची मोटर जळाली आहे, माझं पित्त उसळलं आहे आणि भावना माझ्याशी कामापुरतंच बोलते. पण अमरावतीत एप्रिल महिन्यात याहून बरं कोणाचं असेल असं वाटत नाही.

परवा तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "पोरगी पुन्याले काहून गेली?" आणि मी तोंड उघडण्याआधी फोन ठेवून दिलात. (तुमची ही सवय जुनी आहे. एसटीत असतानाही तुम्ही घंटी वाजायच्या आधीच गाडी काढत असा, असं अकोट आगारात अजून सांगतात.) म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. कागद मध्येच ठेवून देता येत नाही. फक्त एक विनंती आहे. पत्र एकट्याने वाचा, वहिनींना वाचून दाखवू नका. वहिनींच्या तोंडात तीळ भिजत नाही. रोज संध्याकाळी करिश्माचा फोन आला की गावातली कोणाची गाय व्याली इथपासून सगळं त्या तिच्या कानावर घालतात. तुमची पोरगी आत्ताच तिकडे जरा रुळते आहे. तिने तुम्हाला 'इथलं काम संपलं' एवढंच सांगितलंय. कसं संपलं ते सांगितलेलं नाही, ते मी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी तिला पुण्याच्या कंपनीने बोलावलं होतं, तेव्हा मीच अकोटला येऊन तुमच्या ओट्यावर भाषण ठोकलं, आठवतं ना? विद्यापीठात नवं नवोपक्रम केंद्र निघालंय, मी तिथला समन्वयक आहे (कंत्राटी, पण ते मी हळू आवाजात म्हटलं होतं), आता आपल्या पोरांनी आपल्याच मातीतून उद्योग काढायचे, विद्यापीठ म्हणजे प्रदेशाच्या विकासाचं इंजिन, वगैरे वगैरे. तुम्ही सुपारी कातरत ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "त्या इंजनाले गाडी जोडली हाये का, का नुसता हॉर्नच वाजवून राह्यले?" मी हसलो. वहिनी हसल्या. करिश्मा मात्र हसली नाही. ती म्हणाली, मी राहते. आणि माझ्या शब्दावर ती राहिली, दादा. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं.

ती काय करत होती हे तुम्हाला माहीत आहेच, कारण निम्मं काम तुमच्याच शेतात झालं. कापूस वेचून झाला की उभी राहते ती पऱ्हाटी. आपण ती उपटतो, बांधावर रचतो आणि चुलीत घालतो. करिश्माने तिचा भुसा केला, बाजारातल्या रसायनाऐवजी सरकीच्या ढेपेचा लगदा चिकटवायला वापरला आणि गरम दाबाखाली त्याच्या फळ्या काढल्या. कपाटाला चालतील, खोक्यांना चालतील अशा. पहिली फळी तिने कौतुकाने घरी आणली तर म्हशीने तिचा कोपरा खाल्ला. (ढेप ती, म्हशीची तरी काय चूक?) मग तिने लगद्यात कडुनिंब घातला. दुसरी फळी म्हशीने हुंगून सोडून दिली. तो आमच्या केंद्राचा पहिला यशस्वी प्रयोग. मग अख्खा पावसाळा फळ्या तुमच्या बांधावर पुरल्या होत्या, वाळवी-उधई लागते का ते पाहायला. तुम्ही स्वतः टिकासाने उकरून काढल्यात आणि एकीलाही लागली नव्हती. त्या दिवशी तुम्ही फळीवर हात फिरवत बराच वेळ बसला होतात. ते मला दिसलं.

आता आमच्या केंद्राविषयी. ते सुरू होऊन दोन वर्षं झाली, पण उद्घाटन झालं नव्हतं, कारण प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. ती मिळाली मार्चच्या शेवटी, म्हणजे केंद्राची मुदत संपत होती त्याच आठवड्यात. मी संचालकसाहेबांना नम्रपणे म्हटलं, सर, आता याला उद्घाटन म्हणायचं की तेरवी? ते म्हणाले, निधी मार्चमध्येच खर्च पडला पाहिजे. (आमच्याकडे वादाचा शेवट नेहमी असाच होतो. ज्याच्या हाती मार्च, त्याचं खरं.) भिंतीवर अमरावती विभागाचा मोठा नकाशा रंगवला. मध्ये विद्यापीठ आणि त्यातून निघालेले जाड जाड बाण. एक अकोल्याला, एक अकोटला, एक नांदगाव पेठेच्या एमआयडीसीला. मी तो नकाशा रोज बघायचो आणि रोज संध्याकाळी केंद्रातून निघालो की चौकात पुण्याच्या ट्रॅव्हल्स भरताना दिसायच्या. आपलीच पोरं, पाठीला बॅगा, हातात आईने दिलेला डबा. तो बाण मात्र पेंटरने काढला नव्हता.

तरी मला आशा होती. नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्याचे मॅनेजर उद्घाटनाला यायला तयार झाले होते. माल पाठवायच्या खोक्यांसाठी त्यांना बाहेरून लाकूड आणावं लागतं. ते म्हणाले होते, फळ्या दाखवा, पसंत पडल्या तर पहिलं काम तुम्हालाच देतो. करिश्माने सगळ्या फळ्या घासूनपुसून केंद्रात रचल्या. त्यात पावसाळाभर पुरलेल्याही होत्या, कारण खरा पुरावा त्याच. मग आदल्या दिवशी संचालकसाहेबांनी हॉल पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं की खुर्च्या मावत नाहीत. पाहुण्यांच्या मागे माणसं किती येतील याचा नेम नाही. तेव्हा नवोपक्रम केंद्राच्या उद्घाटनासाठी नवोपक्रम बाहेर काढण्यात आला आणि मागच्या बाजूला, मंडपाच्या आडोशाला, ताडपत्रीखाली ठेवण्यात आला. कार्यक्रम झाला की आत आणू, असं ठरलं.

त्या आडोशाला काय होतं ते आता सांगतो. पाहुणे मुंबईचे, त्यांना अस्सल वऱ्हाडी जेवण द्यायचं म्हणून गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या रोडग्यांचा बेत होता. त्यासाठी खास नांदगाव खंडेश्वरहून जानराव आले होते. पंचक्रोशीत रोडगे लावावेत तर जानरावांनीच. रात्री अवकाळीचा शिडकावा झाला आणि सकाळी बघतात तर गवऱ्या ओल्या. भाषणं चालू, पाहुणे तासाभरात जेवायला येणार, कणकेचे गोळे तयार आणि जाळ धरत नाही. अशा वेळी वऱ्हाडातला माणूस काय करतो, दादा? आजूबाजूला पऱ्हाटी शोधतो. जानरावांनी ताडपत्री उचलली, फळीचा एक तुकडा मोडला, हुंगला. पिढ्यान्‌पिढ्या चुलीपुढे बसलेल्या घरचा माणूस, त्याला ओळखायला किती वेळ लागणार! पऱ्हाटीच होती ती. वाळलेली, दाबलेली, वर ढेपेतल्या तेलाचा अंश. आपली आई त्यांच्या जागी असती तर तिनेही तेच केलं असतं, आणि वर म्हणाली असती की बरं झालं, कोणीतरी नीट रचून ठेवली.

आत मंचावर पाहुणे 'संशोधनाची ज्योत' या विषयावर बोलत होते. धूर खिडकीतून आत आला तेव्हा त्यांना वाटलं आपलं स्वागतच आहे. करिश्मा उठून धावली. मी तिच्या मागे. जानराव घाम पुसत उभे होते आणि आम्हाला पाहून त्यांचा चेहरा फुलला. "सर, गवऱ्या वल्ल्या निंगाल्या, पन मांगं ह्या फया भेटल्या. का जयते राजेहो! असा निखारा म्या जिंदगीत नाई पाह्यला." त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. आम्हीच त्यांच्या शेजारी नेऊन ठेवल्या होत्या. त्या निखाऱ्यांच्या खाईत, दादा, तुमच्या बांधावरच्या फळ्याही होत्या. उधईने सोडल्या, म्हशीने सोडल्या, विद्यापीठाने नाही सोडल्या.

मॅनेजर जेवायला आले. मी खाई दाखवली, दुसरं दाखवायला काही नव्हतं. त्यांनी विस्तवाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "जळते तं खरंच चांगलं. पण जाळाले विद्यापीठ कायले पायजे, सर?" माणूस वाईट नाही. त्यांनी तूप घालून दोन रोडगे खाल्ले आणि पुढच्या वर्षी भेटू म्हणून गेले. पुढच्या वर्षी केंद्र नाही हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही. करिश्माने पान वाढून घेतलं, रोडगा कुस्करला, वरण घातलं आणि शांतपणे जेवली. मग मला म्हणाली, "काका, खाऊन घ्या. दोन वर्ष लागले ह्या सैंपाकाले." मी खाल्ला. लाजिरवाणी गोष्ट ही की रोडगा अप्रतिम झाला होता. मला त्याक्षणी रडू आलं आणि लोकांना वाटलं, ठेचा तिखट लागला.

पुन्हा फळ्या करायच्या तर इंजिनीअरिंग विभागाचं दाबयंत्र हवं. ते मुदत संपली म्हणून परत गेलं. केंद्रात आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवतात. वार्षिक अहवालात मात्र आमचं नाव आहे. 'स्थानिक कच्च्या मालापासून उच्च प्रतीच्या इंधनाची निर्मिती, मान्यवरांसमोर प्रात्यक्षिक यशस्वी.' तेल गेलं, तूप रोडग्यांवर गेलं, हाती धुपाटणं तेवढं राहिलं. पुण्याहून परत विचारणा आली तेव्हा मीच तिला म्हटलं, जा. ट्रॅव्हल्सपर्यंत सोडायलाही मीच गेलो. भावनाने डबा दिला. गाडी सुटताना करिश्मा खिडकीतून हसली आणि ते हसणं मला काही केल्या सोसवत नाही. तेव्हा पोरगी पुण्याला का गेली, याचं उत्तर हे असं आहे. तिच्यावर रागावू नका. ती तिथे सुखात राहील. माझ्यावर रागवायचं असेल तर हक्क आहे तुमचा.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा, नुसतं बाटलीकडे बघून तो बरा होत नाही.

तुमचा,
सुगत

ता. क. एक सांगायचं राहिलं. माझंही कंत्राट संपलं. भावना कामापुरतंच बोलते ते त्यामुळे नाही. पुढच्या महिन्यात अकोटला यायचं ठरवलं म्हणून. गोठ्याची उत्तरेकडची बाजू मला द्याल का? म्हैस तिथेच राहू द्या, नमुना तपासायला लागेल. आणि बाजारामागच्या बंद जिनिंगच्या आवारात कापसाच्या गठाणी दाबायचा जुना लोखंडी स्क्रू पडलेला आहे, तो भंगारवाल्याने उचलायच्या आत जाऊन बघून या. करिश्मा म्हणायची, त्याच्यावर फळी निघेल. निघेल की नाही मला ठाऊक नाही. मी रसायनशास्त्राचा माणूस, मला स्क्रू कोणत्या बाजूने फिरवायचा तेही कळत नाही. पण यंदाची पऱ्हाटी जाळू नका.

ता. क. २. मी येतोय हे करिश्माला कळता कामा नये. कळलं तर ती तिथली नोकरी सोडून येईल, आणि शहाण्या माणसाने तिला येऊ देऊ नये. चांगली नोकरी आहे. मी तिला शेवटचं हेच सांगितलं की मागे वळून बघू नको.

ता. क. ३. पत्र एकट्याने वाचा असं वर लिहिलंय, ते राहू द्या. वहिनींना वाचून दाखवा. संध्याकाळच्या फोनच्या आधी.