दोन युनिटांची एक सुट्टी

११ नोव्हेंबर, मंगळवार
कंपनीत नुसता गोंधळ! जेवणाचा भोंगा एक नंबर युनिटला साडेबाराला वाजतो, दोन नंबरला एकला. आज दोन्हीकडे साडेबाराला वाजला. कँटीनमध्ये चारशे माणसं एकदम, वरण संपलं. सुदर्शन सर म्हणाले, "सुलेखा, भोंग्याची सेटिंग तुझ्याकडं. शोध."
घरी आले तर आई गुणगुणत भाकरी थापतेय! "तुझा बाप दिसला कँटीनला. लई वाळलाय."
तीन वर्षं झाली. आई माझ्याजवळ गारखेड्यात, बाबा बजाजनगरच्या खोलीत. कंपनी एकच — बाबा एक नंबरला, आई दोन नंबरला. भांडण कशावरून, तेही आता धड सांगता येत नाही दोघांना.

१२ नोव्हेंबर
चूक सापडेना. आईनं स्वतःच्या डब्यात ठेचा दुप्पट भरला!

१३ नोव्हेंबर
सापडली! आणि माझीच निघाली. 'सुट्टी' हे व्हेरिएबल, म्हणजे जेवणाची वेळ ठरवणारी ओळ, एक नंबरच्या फाइलीत हवं होतं. मी ठेवलं सगळ्यांच्या सामाईक फाइलीत — आणि तिच्यापुढं युनिटच्या स्वतःच्या फाइलीचं काही चालत नाही. एक ओळ हलवायची, बस! खुर्चीतच नाचले.
मग हात थांबला. दुपारी कँटीनच्या खिडकीतून पाहिलं होतं — दोघं शेजारी, बाबांच्या ताटात आईचा ठेचा! ओळ हलवली की बाबांचे साडेबारा, आईचा एक.
सरांना म्हटलं, उद्या बघते. खोटारडी मी.

१४ नोव्हेंबर
आज दोन नंबरच्या कितीतरी बायकांना भात मिळालाच नाही, उपाशीच कामावर गेल्या. माझ्या आईबापासाठी त्यांनी का उपाशी राहायचं? सरांना खरं सांगितलं आणि ओळ हलवली. सर ओरडले नाहीत, उलट चहा पाजला!

१५ नोव्हेंबर
भोंगे ज्याच्या त्याच्या वेळेला वाजले. आई एवढंच म्हणाली, "नीट झालं म्हनं मशीन." भाकरी अर्धीच खाल्ली तिनं. मला रडू आलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
बदलीचा मंजूर अर्ज टेबलावर आला — हजेरीच्या मशीनमध्ये नाव हलवायला. मोतीराम, एक नंबरमधून दोन नंबरला. मीच हलवलं, तीनदा तपासून! कारणाच्या रकान्यात बाबांचं अक्षर: जेवणाची सुट्टी.