सायलीचं सहावं बोट

१२ जानेवारी २०२६, सोमवार

ठरलं. पुढच्या बुधवारी ऑपरेशन. सायलीच्या उजव्या हाताचं, करंगळीला लागून असलेलं सहावं बोट काढायचं. एक्स-रेमध्ये लहानसं हाड दिसतंय, भूल द्यावी लागेल, पाऊण तासाचं काम — डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी घरी.

बाहेर आल्यावर मोनिका म्हणाली, "आपल्या पोरीला दुखत नाय, कशात अडत नाय. मग कशाला?" म्हटलं, शाळेच्या फोटोत पोरगी हात मागं लपवून उभी आहे, बघितलास ना? चिडवत असणार. "तिनं सांगितलं का तसं?" सांगायला कशाला पाहिजे! तसलंच बोट माझ्याही उजव्या हाताला आहे. पहिली ते दहावी, हजेरीला 'राजेंद्र' पुकारलं की मागून कुणीतरी हातापायांची बोटं मोजून ओरडायचं — "एकवीस!"

सहा वर्षांची आहे. आत्ता झालं तर विसरून जाईल.

१४ जानेवारी

संक्रांत. सायलीनं समोरच्या सरिताताईंना डाव्या हातानं तिळगूळ दिला. "उजव्या हातानं दे गं!" त्या म्हणाल्या. उजवा फ्रॉकच्या खिशात. काढला नाहीच. मी मोनिकाकडं फक्त बघितलं.

१८ जानेवारी, रविवार

आई लासूर स्टेशनहून आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच सुरू — "लक्ष्मी हाय ती! कापायला निघालात व्हय?" सहावं बोट भाग्याचं. तिच्या मते चितेगावच्या कंपनीत मी परमनंट झालो तो माझ्या बोटामुळं. कंपनीला हे ठाऊक नाही. हातमोजे पाच बोटांचेच येतात. मी प्रत्येक जोडीतला उजवा मोजा कडेनं उसवून घेतो. बारा वर्षं झाली.

माझं काम तपासणीचं. पार्टच्या कडेला जास्तीचं लोखंड राहिलं की त्याला बर म्हणतात. बर घासून काढायची, पार्ट पुढं पाठवायचा. यात रडण्यासारखं काय आहे?

आई रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बोट तरी घरी आणा. नीट पुरू."

२० जानेवारी

जेवताना सायली म्हणाली, "पप्पा, तुमचं का नाही काढलं?" म्हटलं, तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही. "मग आता काढा ना." आता काय उपयोग, म्हटलं. तिनं तिचं बोट माझ्या बोटाला लावून बघितलं. मग उरलेली भाकरी खाल्ली.

२१ जानेवारी, बुधवार

साडेसहाला हॉस्पिटल, क्रांती चौकाच्या अलीकडं. पोरगी रात्रीपासून उपाशी. पाणीसुद्धा मागितलं नाही. संमतीच्या कागदावर मी सही केली. आठ दहाला आत नेलं. नर्सच्या कडेवर होती. दारातून तिनं हात हलवला, उजवा. मी पण हलवला. डावा, सवयीनं.

नऊ पाचला बाहेर आणली. पाऊण तास म्हणाले होते, पंचावन्न मिनिटं लागली. त्या वरच्या दहा मिनिटांत मोनिकानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मला भीती वाटली. बोललो नाही, इथं लिहून ठेवतो.

डॉक्टरांना बोटाचं विचारलं. "देता येत नाही, नियम आहे." घरी आईला फोन करून सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला.

२२ जानेवारी

ताप नाही. उलटी नाही. वरणभात, अर्धी वाटी.

३१ जानेवारी, शनिवार

पट्टी सुटली. एक बारीक रेघ, बस्स. डॉक्टर खूश. सायलीनं बोटं मोजली — पाच. परत मोजली. छान झालं ना, विचारलं. "हो."

मला हलकं वाटलं. खरं सांगायचं तर फारच! पोरीपेक्षा माझीच सुटका झाल्यासारखं. कंपनीत पेढे वाटावेत असं मनात आलं. कशाचे, ते सांगावं लागलं असतं. नाही वाटले.

२ फेब्रुवारी, सोमवार

तिला शाळेत सोडलं. वर्गाच्या दारात मेघा मॅडम भेटल्या. म्हटलं, आता पोरं चिडवणार नाहीत.

"चिडवत होती? कोण? नाही हो! तिचं बोट धरायला भांडायची पोरं. तीच हात बाकाखाली घालून बसायची. मी एकदा विचारलं, का गं? तर म्हणाली, आमचे पप्पा असंच बसतात."

मी बरं म्हटलं. तेव्हाही माझा उजवा हात खिशातच होता.