आधी नाव विचारायचं

प्रिय आयुष,

फोनवर मी 'सगळं ठीक आहे' म्हणते, तू 'जेवलीस का' विचारतोस, आणि आपण ठेवून देतो. तीन वर्षं झाली, बाबांचं नाव तू काढत नाहीस आणि मीही काढत नाही. आज जे तोंडाने सांगवत नाही ते लिहिते आहे. तुझ्या बाबांना आता काही लक्षात राहत नाही. दुखणं दोन वर्षांचं आहे आणि वाढतंच आहे.

सुरुवातीला चष्मा, किल्ली असं हरवायचं, तेव्हा मी थट्टा करायची. मग एका सकाळी त्यांनी ड्यूटीचा डबा मागितला आणि मीही सवयीने भरून दिला. ते फाटकाबाहेर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हा माणूस रिटायर होऊन चार वर्षं झाली. ते कोराडीच्या बसमध्ये बसून थेट विजेच्या प्लांटच्या गेटवर पोचले होते. ओळखीच्या चौकीदाराने परत बसवून दिलं म्हणून बरं. धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या माणसांत ठेवा, हाताला काहीतरी काम द्या.

समोरच्या चंपतरावांची सून दामिनी दर रविवारी सकाळी गल्लीतली मुलं आणि त्यांचे आईबाप गोळा करते आणि सगळ्यांना चित्रं काढायला बसवते. डोंगर, नदी, उगवता सूर्य तिच्याकडे चालत नाही. आपल्या नंदनवन कॉलनीत दारासमोर जे दिसतं तेच काढायचं. तिचा एकच नियम आहे. माणसाचं चित्र काढायचं तर आधी त्याला नाव विचारायचं, मग पेन्सिल उचलायची. इतकी वर्षं ज्यांना आम्ही नुसतं 'इस्त्रीवाले' म्हणत होतो, त्यांचं नाव रुपराव आहे हे पोरांमुळे कळलं. त्यांनी पोरांकडून चित्रात टकलावर थोडे केस काढून घेतले. भाजीवाल्या रंभाबाईंनी तर गळ्यात चांगली ठसठशीत पोत काढ म्हणून बजावलं. मी बाबांनाही तिथे नेऊ लागले. तू प्लांटमधली नोकरी सोडून चित्रकला शिकायला पुण्याला निघालास तेव्हा ज्या माणसाने घर डोक्यावर घेतलं, 'पुन्हा या दारात पाय ठेवू नको' म्हटलं, तो माणूस आता मांडीवर पॅड घेऊन पोरांच्या ओळीत बसतो. पहिल्या दिवशी मला हसू आलं. घरी आल्यावर खूप रडले.

त्यांचा हात बरा आहे रे. कदाचित तुझ्यात ते तिथूनच आलं असेल, कोणी कधी पाहिलंच नाही. पण चित्रांत दर रविवारी काहीतरी कमी होतं. आधी पिठाची गिरणी गेली, मग चंपतरावांचं घर. आपल्या पायरीवर मात्र दप्तर घेतलेला एक पोरगा प्रत्येक चित्रात असतो. दामिनीने विचारलं, तर म्हणाले आयुष आहे, शाळेतून आला.

परवाच्या रविवारी दामिनी म्हणाली, आज प्रत्येकाने आपल्या घरातलं एक माणूस काढायचं. पोरं आपापल्या आयांपुढे बसली. मी बाबांसमोर खुर्ची ओढून बसले, पदर नीट केला. त्यांनी पेन्सिल हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली ठेवली. अगदी अदबीने म्हणाले, "बाई, नाव काय तुमचं? विचारल्याबिगर काढता येत नाही."

मला वाटलं, नियम पाळताहेत. मी नाव सांगितलं. त्यांनी ते कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं आणि खुश होऊन म्हणाले, "आमच्या आयुषच्या मायचं नावबी हेच हाये."

बाजूची पोरं हसली, मीही हसल्यासारखं केलं. अर्धा तास मी हलले नाही. चित्र छान आलं आहे, कपाळावरचा व्रणसुद्धा काढला आहे. बेचाळीस वर्षांचा संसार आहे आमचा, आणि त्या अर्ध्या तासात मी त्यांना परकी बाई होते. हे दुखणं कोणाच्या वाट्याला येऊ नये.

तू विचारशील, दोन वर्षं काहून नाही सांगितलं. धंतोलीहून परत येताना ऑटोत त्यांनी माझा हात धरून तुझ्या गळ्याची शपथ घातली होती, आयुषले सांगू नको, तो कीव करत येईल. लेकराच्या जिवावरची शपथ कोणती आई मोडेल? देवापुढे दिवा लावताना रोज तुझं नाव घ्यायची आणि गप्प बसायची. पण ज्यांनी ती घातली त्यांनाच आता मी कोण ते ठाऊक नाही, मग शपथ तरी कोणाची पाळू? काही पाप लागायचं असेल तर ते मला लागो. माझी ओळख पुसली गेली, तुझी अजून आहे, किती दिवस राहील ते डॉक्टरही सांगत नाहीत. तुमचं भांडण त्यांच्या लक्षातून केव्हाच गेलं, बाळा. ते आता तुझ्या एकट्याजवळ उरलं आहे. ते तिकडेच ठेव आणि ये.

तुझीच,
आई